आंगियारीचे चेहरे

फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोत २०११च्या अखेरीस जॉर्जो वासारीच्या भित्तिचित्राला बारीक छिद्रे पाडली गेली. त्यामागे लिओनार्दो दा विंचीची ‘आंगियारीची लढाई’ दडली असावी, ही आशा. अनेक कला-इतिहासकारांनी विरोध केला आणि २०१२मध्ये शोध थांबला.

थांबला ते योग्यच झाले. लिओनार्दोने तिथे नवे तंत्र वापरून पाहिले, ते फसले आणि काम अर्धवट राहिले. भिंतीमागे हाती लागलाच तर एखादा बिघडलेला तुकडा. त्याची तयारीची रेखाटने मात्र शाबूत आहेत आणि लढाई त्यांतच दिसते.

१४४०मध्ये आंगियारीला फ्लॉरेन्सने मिलानच्या फौजेला हरवले होते. तो विजय प्रजासत्ताकाला सभागृहाच्या भिंतीवर मिरवायचा होता. १५०३मध्ये काम लिओनार्दोकडे आले. बुडापेस्टच्या ललितकला संग्रहालयात या चित्रासाठी केलेले योद्ध्यांच्या मस्तकांचे अभ्यास आहेत. एक लाल खडूतला, बाजूने दिसणारा. दुसऱ्यात काळ्या खडूने काढलेला योद्धा जिवाच्या आकांताने ओरडतो आहे. भुवया आवळून खाली आल्या आहेत, कपाळावर आठ्यांचे जाळे आहे, जबडा ताणला आहे. हा जिंकणाऱ्यांचा की हरणाऱ्यांचा? नुसता चेहरा पाहून सांगता येत नाही, आणि विजयाचे चित्र मागणाऱ्यांना यापेक्षा परखड उत्तर कोणते असेल!

विंझरच्या राजसंग्रहातल्या एका कागदावर तर घोडे, सिंह आणि माणूस शेजारीशेजारी आहेत. तिघेही चवताळलेले. नाकपुड्या, दात, वर ओढलेला ओठ यांवरून नजर सावकाश फिरवली की माणूस आणि जनावर यांतले अंतर कसे मिटत जाते ते कळते.

त्याच सभागृहासाठी मायकलअँजेलोने १३६४ची काशीनाची लढाई घेतली आणि प्रसंग निवडला तो अर्नो नदीत अंघोळ करताना इशारा ऐकून धावपळ उडालेल्या सैनिकांचा. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातला बसल्या जागी मागे वळलेला नग्न पुरुष आहे. पाठीच्या एकेका स्नायूत दचकणे उमटले आहे. हे चित्र तर भिंतीवर चढलेच नाही.

उजेडाने कागद खराब होतो, म्हणून अशी रेखाटने बहुतेक काळ पेटीबंद असतात. निदान ती बाहेर काढली जातील तेव्हा त्यांना ‘पूर्वतयारी’ म्हणून कोपऱ्यात ढकलू नये. त्यांना मुख्य दालनात, डोळ्यांच्या उंचीवर जागा मिळावी आणि समोर बसायला बाक असावा.