वेठ, बिगार आणि उचल

मुलांच्या परीक्षेंत एक प्रश्न ठरलेला असतो: ‘समानार्थी शब्द लिहा.’ कष्ट म्हणजे श्रम, श्रम म्हणजे मेहनत, दास म्हणजे सेवक, सेवक म्हणजे चाकर, इतकें लिहिलें कीं गुण मिळतात. खडू हातीं धरणाऱ्या आम्हांस हा प्रश्न नित्याचा आहे. परंतु ज्यांच्या पाठीवर हे शब्द पडले त्यांस विचारा. ते सांगतील कीं यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. मजुरास सायंकाळीं दाम मिळतो, वेठियास मिळत नाहीं. मजूर उद्यां दुसऱ्याच्या बांधावर जाऊं शकतो, ज्याच्या अंगावर उचल आहे तो जाऊं शकत नाहीं. दाम मिळतो काय, आणि काम सोडून जातां येतें काय, या दोन प्रश्नांवर हे सारे शब्द घांसून पाहिले पाहिजेत.

‘मजूर’ हा शब्द फारशी आहे व त्याच्या पोटांतच ‘मुज्द’ म्हणजे कामाचा दाम आहे. शब्द स्वच्छ आहे. तो लावून घेण्यांत कोणासही कमीपणा नाहीं. ‘वेठ’ संस्कृतांतील ‘विष्टि’ शब्दापासून निघाली, आणि ‘बिगार’ फारशींतून आली. राज्यें बदललीं, दरबारची भाषा बदलली, परंतु रयतेस फुकट राबविण्याची चाल कोणींच मोडली नाहीं. मग रयतेनें दोन्ही दरबारांचे शब्द एका दाव्यास बांधून ‘वेठबिगार’ केला. जसे कागदपत्र, जसा बाजारहाट. ‘गुलाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नुसता पोरगा. यांत नवल नाहीं. आमच्याकडेही साठीचा म्हातारा दुसऱ्याच्या शेतावर सालानें राहिला तर ‘गडी’ आणि हॉटेलांत बश्या विसळूं लागला तर ‘पोऱ्या’च असतो.

सर्वांत बोचणारा शब्द ‘कुणबीण’. कुणब्याची बायको ती कुणबीण, हा सरळ अर्थ. परंतु पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे धन्याच्या मालकीची दासी, बटीक. आणि मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशांतही हा दुसरा अर्थ नोंदला आहे. जी स्वतःच्या शेतांत खुरपें चालवून जगास जेवूं घाली, तिच्याच जातीचें नांव विकत घेतलेल्या बाईस कां लागावें? ब्राह्मणीण किंवा शेठाणी या शब्दांस असला दुसरा अर्थ चिकटलेला आम्हांस कोठें दिसला नाहीं. सन १८४३ च्या कायद्यानें कंपनी सरकारच्या कोर्टांनीं गुलामाची मालकी मानणें बंद केलें. बटीक गेली, पण बाईच्या कामास वेगळा दाम न देण्याची खोड राहिली. तिच्याकडे आम्ही पुढें येतों.

‘दास’ शब्दाची गोष्ट निराळी. शूद्र विकत घेतलेला असो वा नसो, त्याजकडून दास्यच करवावें, आणि धन्यानें सोडला तरी तो दास्यांतून सुटत नाहीं, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. पुढें संतांनीं हा शब्द देवाच्या पायीं वाहिला, आणि पुराणिकांनीं त्या गोडव्याचा उपयोग गांवच्या धन्यासाठीं करून घेतला. जोतीराव फुल्यांनीं सन १८७३ सालीं आपल्या पुस्तकास ‘गुलामगिरी’ असें रोखठोक नांव दिलें, व अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस तें अर्पण केलें. त्यांनीं ‘दास्य’ लिहिलें असतें तर कोणी शास्त्रीबोवांनीं त्यांतही भक्ति शोधून काढली असती!

गोड नांवाखालीं वेठ झांकण्याचा मोठा नमुना म्हणजे ‘वतन’. नांव जहागिरीसारखें, काम मात्र रात्रंदिवस सरकारी हांकेला ओ देण्याचें. आणि घरधनी नसला तर घरांतल्या दुसऱ्यानें धांवायचें. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत सन १९१८ सालीं महार वतन मोडलें. डॉ. आंबेडकरांनीं सन १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत त्यासाठीं बिल आणिलें. आपल्याच जिल्ह्यांत हरेगांवीं सन १९३९ च्या डिसेंबरांत त्यांच्या नेतृत्वाखालीं जी परिषद भरली, ती महार, मांग व वेठिया वतनदारांची होती. ‘वेठिया’ आणि ‘वतनदार’ हे दोन शब्द एकाच माणसास! सन १९५८ चा कायदा झाला तेव्हां कोठें हीं कनिष्ठ वतनें संपलीं.

आजचें गोड नांव ‘सेवक’ आणि ‘मानधन’. अंगणवाडींतल्या बाईस सेविका म्हटलें कीं पगार द्यावा लागत नाहीं, मान देऊन भागतें. सन २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘शिक्षणसेवक’ काढले, तेव्हां प्राथमिक शाळेंतल्या अशा सेवकास दरमहा ३००० रुपये ठरले; वर्ग तोच, फळा तोच. सुप्रीम कोर्टानें सन २०२२ सालीं अंगणवाडीच्या बायांस ग्रॅच्युइटीचा हक्क देतांना त्यांचें मानधन हें वेतनच होय असें ठरविलें. एवढें कळण्यास कोर्टापर्यंत जावें लागलें.

आतां उचल. दसरा-दिवाळी उलटली कीं पाथर्डी, शेवगांव, जामखेड आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यांतून उसाच्या फडाकडे गाड्या निघतात. पावसाळ्यांत चूल पेटेना तेव्हां मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती उचल. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. दोन जिवंत माणसांस एका हत्याराचें नांव! उचल नवऱ्याच्या हातीं पडते. बायको पहांटे भाकरी थापून फडांत मोळ्या बांधते, गाडी भरते, आणि हिशेबांत तिचें नांवही नसतें. आजारी पडली तर ‘खाडा’ धरून पैसे कापतात. हंगाम सरतो व बाकी ‘अंगावर’ राहते. कर्ज घरावर नव्हे, शेतावर नव्हे, अंगावर! येथें आमच्या मराठीनें कायद्याहून खरें बोलून ठेविलें आहे.

घटनेच्या २३ व्या कलमानें सन १९५० पासून बेगार बंद आहे. इंग्रजी मसुद्यांतही ‘बेगार’ हा आपला शब्द तसाच ठेविला आहे. सन १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यांत वेठीचीं तीसएक देशी नांवें दिलीं आहेत: हाळी आहे, कामिया आहे, सागडी आहे, वेट्टी आहे. आमचा सालदार त्यांत नाहीं, कोयताही नाहीं. म्हणून साहेबलोक सांगतात कीं येथें वेठबिगार नाहीं. परंतु कायदा त्या नांवांपाशीं थांबत नाहीं. आगाऊ रकमेपायीं ज्याची दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गेली तो वेठबिगार, अशी त्याची व्याख्या आहे. आणि किमान वेतनाहून कमी दामावर राबविणें ही सक्तीच होय, असें सुप्रीम कोर्टानें सन १९८२ सालीं सांगून ठेविलें आहे. प्रत्येक ऊसतोड्या वेठबिगार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. बाकी फेडून जो दुसऱ्या मुकादमाकडे उघड जाऊं शकतो तो नव्हे. ज्यास फडावरून उठूं देत नाहींत, तो आहे, मग वहींत त्याचें नांव कांहींही असो.

याच कायद्यानें जिल्ह्यास व उपविभागास दक्षता समिती नेमण्यास सांगितलें आहे. त्या समितीनें गाड्या निघण्यापूर्वीं गांवोगांव मुकादमांच्या वह्या पाहाव्या. जेथें ‘कोयते ४०’ एवढेंच लिहिलें असेल तेथें ८० माणसांचीं नांवें लिहून घ्यावीं, आणि प्रत्येक बाईच्या नांवापुढें तिची स्वतःची मजुरी व ती कोणाच्या हातीं पडली तें लिहावें.