अर्धशिशी आणि पर्समधली चिठ्ठी



गेल्या महिन्यात शाळेचे पेपर तपासताना दुपारपासूनच माझं उजवं कानशील ठणकू लागलं. 'एवढा गठ्ठा संपवू, मग पडू' असं म्हणत राहिले. दुखणं अंगावर काढायची आपली सवय! रात्री उलट्या सुरू झाल्या, पाण्याचा घोटही ठरेना, दिव्याकडे बघवेना. शेवटी ह्यांनी रिक्षात घालून इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून कोणत्या गोळ्या घेतल्या? किती?" मला आठवेना, आणि ह्यांना तर नावंही ठाऊक नाहीत. डब्यातल्या पांढऱ्या गोळ्या, एवढंच! बाई म्हणाल्या, "तेच औषध दुप्पट पोटात गेलं तर अपाय होईल, म्हणून विचारते."

उलट्यांमुळे गोळी टिकत नव्हती. म्हणून शिरेतून मेटोक्लोप्रमाइड दिलं. हे उलटीचं औषध अर्धशिशीची कळही कमी करतं, हे मला तिथंच कळलं. जोडीला सलाइन आणि अंधारी खोली. दीड तासात डोकं उतरलं. गुंगीचं जोरकस इंजेक्शन का नाही दिलं, असं ह्यांनी विचारलं. तर मॉर्फिनसारखी औषधं अर्धशिशीत शक्यतो टाळतात, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली. तुम्हीही लिहा: नेहमीची औषधं, कोणतं औषध सोसत नाही, रक्तदाब, दमा किंवा अल्सर आहे का, पाळीची तारीख. दिवस गेले असतील तर ते आधी सांगायचं. डोकं दुखेल त्या दिवशी गोळीचं नाव आणि वेळ मागच्या बाजूला टिपायची. घरातल्यांनाही चिठ्ठीची जागा दाखवून ठेवा.

मात्र प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. मिनिटभरात शिगेला पोचणारी भयंकर कळ, तापाबरोबर आखडलेली मान, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, बाळंतपणाच्या आगेमागे उठलेली नवी डोकेदुखी. यांत 'सकाळी बघू' म्हणू नका. लगेच निघा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक लागत असतील, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. तेव्हा डॉक्टरांना गाठा.

पेपरांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशीही तिथंच होता, बरं का! तो थांबतो. आपणच थांबत नाही.