इंजिन नवे, तारा जुन्या : हा कसला सौदा?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत जुन्या बनावटीचे ट्रक अजून पोटापुरते कमावतात. लांबच्या पल्ल्याला त्यांना कोणी पाठवत नाही. सायझिंगमधून बीम मागावर पोचवणे, सुताची पोती गोदामातून कारखान्यात आणणे, ग्रे कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या आवारात नेऊन टाकणे, एवढेच त्यांचे काम. चेसिस मजबूत असते, पत्रा जाड असतो, हप्ता कधीच फिटलेला असतो. थकलेले असते ते फक्त इंजिन. धूर सोडते, ऑइल खाते, चढावर दम टाकते. मग मालक गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, "उस्ताद, एखादे टर्बो इंजिन बघा आणि बसवून टाका."

हे काम करणारे हात बऱ्याच गावांत आपल्याच बिरादरीचे आहेत आणि काम सांगणारे व्यापारीही पुष्कळदा आपलेच. म्हणून दोघांनाही स्पष्ट सांगावेसे वाटते. जुन्या गाडीत नवे इंजिन बसवायला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो अर्ध्या कामाला. ज्या अंदाजपत्रकात इंजिन आहे पण वायरिंग नाही आणि आर.टी.ओ.चे कागद नाहीत, ते काम मिस्त्रीने घेऊ नये आणि व्यापाऱ्याने देऊ नये.

ही कारागिरी काही आजची नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पेट्रोलवर चालणाऱ्या लॉऱ्या पुष्कळ होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज आणि फार्गो होत्या, बेडफोर्ड होत्या. १९५४ साली टाटांनी जमशेदपूरला जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक बनवायला घेतले आणि डिझेलचा फायदा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. मग पेट्रोल लॉऱ्यांची इंजिने उतरवून त्या जागी पर्किन्सचे सहा सिलिंडरचे पी-६ डिझेल इंजिन बसवण्याची चाल पडली. मद्रासची सिम्प्सन कंपनी ही इंजिने इथेच बनवत होती. आपल्या गॅरेजवाल्यांच्या दोन पिढ्या असल्या कामांवर शिकल्या.

त्या कामात एक खुबी होती. पेट्रोल इंजिन हवा ओढते तेव्हा जी पोकळी तयार होते तिच्या जोरावर त्या लॉरीच्या ब्रेकला मदत मिळे. डिझेल इंजिनात ती पोकळी तशी मिळत नाही. म्हणजे इंजिन बदलले की ब्रेकची मदत गेली. जाणता उस्ताद इंजिनाबरोबर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवायचा; अडाणी माणूस तसाच सोडून द्यायचा आणि ड्रायव्हर पहिल्याच उतारावर कलमा पढायचा. एक गोष्ट बदलली की तिच्याशी जोडलेल्या चार बदलतात, हे तेव्हाही खरे होते.

आम्ही कापडवाले, आम्हाला हे मागावरून समजते. जुन्या साध्या मागाला मोठी मोटर लावून फेरे वाढवले तर उत्पादन दुप्पट होत नाही. धोटा उडतो, सूत तुटते आणि सांगाडा हादरून खिळखिळा होतो. ट्रकचेही तेच आहे. टर्बो इंजिनाचा जोर वाढला की क्लच प्लेट, गिअरबॉक्स, मागचा क्राउन-पिनियन या सगळ्यांवर भार येतो. रेडिएटर मोठा लागतो, जॉइंटची लांबी बदलते, फाउंडेशनचे ब्रॅकेट नव्याने करावे लागतात. पण हे भाग आपले मिस्त्री आणि लेथवाले चांगले जाणतात. इथे चूक झाली तर ती आवाज करते आणि सापडते. त्याबद्दल आम्ही त्यांना काय शिकवणार!

इंजिन कोणते घ्यावे यावर मात्र एक शब्द. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस.-६ लागू झाले. त्या इंजिनात डिझेल किती आणि कधी सोडायचे हे संगणकाचा डबा ठरवतो. त्याला पंधरा ठिकाणचे सेन्सर लागतात, धुरासाठी युरियाची वेगळी टाकी लागते. एक सेन्सर तुटला की इंजिन जोर देत नाही. असे इंजिन जुन्या चेसिसमध्ये बसवणे म्हणजे विहिरीच्या मोटेला कॉम्प्युटर जोडणे. त्याआधीच्या काळातली, यांत्रिक पंपावर चालणारी टर्बो इंजिने जुन्या गाडीला मानवतात. त्यांना सुरू करायला स्टार्टर आणि बंद करायला एक सोलेनॉइड, एवढीच वीज लागते. जो मिस्त्री गिऱ्हाइकाला "एकदम लेटेस्ट बसवतो" म्हणतो त्याच्याकडून आधी त्या डब्याच्या तारांचा नकाशा मागावा. नकाशा नसेल तर सलाम करून निघावे.

आता विजेचे. सगळी गडबड इथेच होते आणि ती टेपखाली झाकलेली असते.

जुन्या गाडीत डायनामो असे. तो साधारण वीस-पंचवीस अँपिअर देई आणि इंजिन हळू चालत असताना जवळपास काहीच देत नसे. त्या काळच्या तारा तेवढ्याच बेताच्या आणि सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून जायचा. नव्या इंजिनाबरोबर अल्टरनेटर येतो. तो साठ अँपिअर आणि त्याहून जास्त देऊ शकतो. मिस्त्री अल्टरनेटर बसवतो आणि जुनीच तार त्याला जोडतो. बॅटरी उतरलेली असली की हा सगळा करंट त्या बारीक तारेतून आणि त्या जुन्या मीटरमधून धावतो. तार तापते, वरचे रबर आधीच कडक होऊन तडकलेले असते, आणि केबिनच्या पत्र्याला ती घासत असते. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार, मध्ये फ्यूज, आणि अँपिअर मीटरच्या जागी व्होल्ट मीटर, हे केल्याशिवाय अल्टरनेटरला हात लावू नये.

दिव्यांचा हिशेब तर शाळेतले पोर करील. बारा व्होल्टवर साठ वॅटचा एक दिवा पाच अँपिअर घेतो, दोन दिवे दहा. पण ड्रायव्हरला उजेड पाहिजे म्हणून शंभर वॅटचे हॅलोजन बसवले जातात. दोन दिव्यांचे दोनशे वॅट म्हणजे जवळजवळ सतरा अँपिअर, तेही डॅशबोर्डच्या जुन्या बटणातून. बटण वितळते. मग फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते. ज्याने हा शोध लावला त्याला काय म्हणावे! फ्यूज उडतो याचा अर्थ गाडी काहीतरी सांगते आहे. हा तिचे तोंडच शिवून टाकतो. दिव्यांना रिले लावा, बॅटरीकडून सरळ जाड तार आणा. बटणातून मग नावापुरता करंट जाईल, आणि उजेडही वाढेल, कारण जुन्या तारांत जे व्होल्ट मुरत होते ते दिव्यापर्यंत पोचतील.

दुसरी गोष्ट व्होल्टची. जुनी गाडी बारा व्होल्टची आणि आणलेले इंजिन चोवीसचे, असे होऊ शकते. मग दोन बॅटऱ्या जोडून स्टार्टर चोवीसवर चालवायचा आणि दिव्यांसाठी त्यातल्या एकीतून बारा व्होल्ट काढायचे, ही युक्ती केली जाते. तिचा परिणाम असा की ती एक बॅटरी नेहमी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते. दोन्ही लवकर मरतात. सगळे चोवीसवर आणावे, किंवा स्टार्टर-अल्टरनेटर बाराचे घ्यावे. जुन्या विलायती बनावटीच्या काही गाड्यांत तर बॅटरीचा प्लस चेसिसला जोडलेला असे. तिथे न पाहता अल्टरनेटर लावला की त्याचे डायोड त्याच क्षणी जळतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि विसरण्यात सगळ्यात पुढे. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसते, म्हणजे चेसिसपासून तुटलेले असते. त्याला चेसिसशी जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी लागते. ती राहिली तर स्टार्टरचे शेकडो अँपिअर परतीचा दुसरा रस्ता शोधतात आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातात. ती केबल लाल होते. एका पट्टीची किंमत काय ती! पण तिच्याशेजारीच डिझेलचा पाइप असतो.

आमच्या धंद्यात या सगळ्याचा अर्थ वेगळा होतो. सिमेंट किंवा लोखंड भरलेल्या गाडीत तार जळली तर वास येतो, ड्रायव्हर गाडी थांबवतो, निस्तरते. आमच्या गाडीत ताडपत्रीखाली सुती कापडाच्या गाठी असतात. दाबलेल्या गाठीत ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारले, विझली असे वाटले, तरी काही तासांनी पुन्हा धूर निघतो. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा माल असाच गेला. टेल लॅम्पची तार बॉडीच्या पत्र्यातल्या भोकातून रबराच्या कडीशिवाय नेली होती. कडी काही रुपयांची होती. इंजिन नवे होते, मालकाने त्याबद्दल मिठाईसुद्धा वाटली होती. जळालेला माल मात्र बत्तीस मागवाल्यांचा होता आणि त्यांतल्या कित्येकांची त्या आठवड्याची मजुरी त्या पैशांतून व्हायची होती.

आणि नंतर सर्व्हेअर आला. त्याने आधी इंजिन नंबर पाहिला. आर.सी. बुकात जुना नंबर, गाडीत दुसरा.

कायदा इथे साफ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने हेच आणखी कडक शब्दांत सांगितले. म्हणून त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधणे शहाणपणाचे. मिस्त्रीने पाना उचलण्याआधी आर.टी.ओ.ची लेखी परवानगी घ्यावी, आणि काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी. परवानगी मिळत नसेल तर त्या इंजिनाचा नाद सोडावा आणि जुनेच बोअर करून घ्यावे. भंगारातून घेतलेल्या इंजिनाचे पक्के बिल आणि ते ज्या गाडीचे होते तिचे कागद मिळत नसतील तर ते कितीही स्वस्त असो, घेऊ नये. चोरीचा माल निघाला तर पोलीस आधी मिस्त्रीच्या दारात येतात. आपल्या मोहल्ल्यात ते कसे येतात हे वाचकांना सांगायला नको.

काहीजण म्हणतात, गाडी पन्नास वर्षांची आहे, व्हिंटेज म्हणून नोंद करू. तो रस्ता बंद आहे. २०२१ चा व्हिंटेजचा नियम दुचाकी आणि मोटारींसाठी आहे, ट्रक त्यात नाही. शिवाय त्यात इंजिन किंवा चेसिस बदललेली गाडी चालत नाही आणि व्हिंटेज गाडीने धंदाही करता येत नाही. दुसरे म्हणतात, भंगारात द्या, नवी घ्या. ज्याला हप्ता झेपतो त्याने जरूर घ्यावी. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे, तो खर्चही हिशेबात धरावा. पण बारा माग असलेल्या माणसाला नव्या गाडीच्या हप्त्याखाली ढकलणे, आणि तेही व्याजाच्या, हा सल्ला देणाऱ्यांनी तो हप्ता कधी स्वतः भरलेला नसतो.

दोष कोणाचा? मिस्त्रीचा आहेच, पण आमच्या मते आधी व्यापाऱ्याचा. इंजिनाला तो पैसे मोजतो कारण ते दिसते, त्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकवता येतो. वायरिंगचे नाव काढले की म्हणतो, "ते चालतंय ना, राहू द्या." मग मिस्त्रीही जुन्या तारांवर नवी काळी टेप गुंडाळून गाडी देतो. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपण मदरशात ऐकलेला आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, असा सवाल त्या दुकानदाराला झाला होता. टेपखालची जळकी तार हे ओले धान्यच आहे. मिस्त्रीने गिऱ्हाइकाला ती टेप काढून दाखवावी आणि गिऱ्हाईक पैसे देत नसेल तर गाडी परत पाठवावी.

उस्तादांची एक अडचण आम्हाला मान्य आहे. इंजिनाचे काम कानाने आणि बोटाने शिकता येते, विजेचे तसे शिकता येत नाही. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजीची भीती आम्हाला ठाऊक आहे. पण वायरिंगच्या नकाशाला भाषा थोडीच लागते; रेघा, रंग आणि आकडे वाचता आले की पुरे. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक डिझेलचा कोर्स एक वर्षाचा आहे. प्रत्येक गॅरेजने आपला एक तरी पोरगा दहावी झाल्यावर तिथे घालावा आणि परत आल्यावर त्याला टायर काढायला न लावता मीटर हातात द्यावा. साधा मल्टिमीटर एका चांगल्या पान्याच्या किमतीत येतो.

आणि बिल लिहून द्यावे. इंजिन नंबर, कुठून घेतले, कोणत्या तारा नव्या घातल्या, किती फ्यूज, कुठे रिले, सगळे एका कागदावर, खाली सही. त्याची एक प्रत गाडीत, आर.सी. बुकासोबत. गाठी भरण्याआधी आमचा मुनीम आता तो कागद मागतो. दोन ट्रकवाले रागावून निघून गेले, तिसऱ्याने आणून दाखवला; त्याला भाडे थोडे जास्त द्यावे लागते.