दारूचा नाही, दाराचा प्रश्न

फोटो आलाय मोबाईलवर. आपल्यातलाच पोरगा. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेलेला. पुढ्यात अर्ध्या लिटरहून मोठा गिलास, वर फेस. ताटात तळलेला मासा नि बटाट्याच्या जाड कापा. मागं काळं पडलेलं जुनं लाकूड, पितळेच्या मुठी, नक्षीच्या काचा. खाली पठ्ठ्यानं लिहिलंय : 'इथं कुणी जात विचारत नाही. जयभीम.'

वस्तीतल्या निम्म्या लोकांनी तो फोटो पाहिला. त्याच्या आईनं मला ओट्यावर गाठून विचारलं, "दादा, गिलासात काय हाय वो?" म्हटलं, सरबत. दुसरं काय सांगणार?

दारूवर भाषण झोडायला मी बसलेलो नाही. बाबासाहेब पीत नव्हते. १९५६ साली नागपुरात लाखोंनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यात दारू न पिण्याचीही आहे. ज्याला मोडायची त्यानं मोडावी, पण मग वंदनेला पुढच्या रांगेत बसू नये. हा विषय इथं संपला. माझं भांडण गिलासाशी नाहीच, फोटोखालच्या ओळीशी आहे. कारण ही ओळ आता आपल्या पोरांत मंत्रासारखी फिरायला लागलीय. लंडनला जा, जात सुटते. पबात बस, माणूस होतोस. एवढं सोपं असतं तर बाबासाहेब परत कशाला आले असते?

पोरगा ज्या पबात बसला त्याचं नाव 'द लॅम्ब'. रस्त्याचं नाव लॅम्ब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीट. कॉन्ड्युइट म्हणजे पाण्याची पाट-नळी. १५७७ साली विल्यम लॅम्ब नावाच्या कापडव्यापाऱ्यानं स्वतःचा पैसा घालून ही नळी दुरुस्त करवली आणि गरीब बायकांना पाणी वाहून पोट भरता यावं म्हणून १२० बादल्या वाटल्या. म्हणजे रस्त्याला नाव पाण्याचं. पाणी म्हटलं की आपले कान टवकारतात, त्याला इलाज नाही.

त्या पबात बारच्या वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, छोट्या नक्षीदार काचांची रांग आहे. फिरवल्या की उघडतात, फिरवल्या की मिटतात. इंग्रजीत त्यांना म्हणतात स्नॉब स्क्रीन. कशासाठी? साहेब पीत बसला असता बारमागच्या नोकराला नि पलीकडच्या फाटक्या गिऱ्हाइकाला त्याचं तोंड दिसू नये म्हणून! पेला खालून सरकवायचा, पैसे खालून घ्यायचे, वर बघायचं नाही. माझ्या आजीला पाटलाच्या वाड्यावर वरून पाणी ओतायचे, ती ओंजळ धरायची. इथं साहेब स्वतःच काचेआड लपतो. हात वेगळे, ओतण्याची तऱ्हा वेगळी, अक्कल एकच. आणि आमचा पोरगा नेमक्या त्याच काचांखाली बसून समतेचा फोटो काढतो!

राणी व्हिक्टोरियाच्या काळातले पब असेच बांधलेत. एका छपराखाली तीन-तीन चार-चार दारं. पब्लिक बारला लाकडी बाक, खाली भुसा. सलूनला गालिचा, गादी. पिंप तेच, बिअर तीच, पण सलूनमध्ये भाव चढा. दार वेगळं, बसणं वेगळं, कुणी कुणाला शिवायचं नाही. अगदी आपल्या गावाचा नकाशा. पण एक फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. मजुराच्या खिशात चार पैसे जादा आले, अंगात धुतलेला कोट आला, तर तो सलूनच्या दारातून आत जाऊ शकत होता. आपल्याकडं म्हाराच्या खिशात पैसे आले तरी पाणवठा बंदच. ती वर्गाची भिंत होती, तिला शिडी लागायची.

मग काळा माणूस आला, नि ती शिडीसुद्धा काढून घेतली.

बर्मिंगहॅमला लागून स्मेथिक नावाचं गाव आहे, ओतशाळांचं. पन्नास-साठच्या दशकांत पंजाबी मजूर तिथं भट्ट्यांवर राबायला गेले. दिवसभर तापलेल्या लोखंडापुढं उभं राहायचं, संध्याकाळी घसा ओला करायला पबात जायचं. आणि पबवाला सांगायचा, पलीकडच्या खोलीत बसा, इथं नाही. कुठं कुठं तर आतच नाही. लोखंड ओतायला तुमचे हात चालतात, गिलास धरायला चालत नाहीत! आणि ध्यानात घ्या, हे सगळं कायद्यात बसत होतं. १९६५ सालापर्यंत ब्रिटनमध्ये काळ्याला पबातून हाकलणं हा गुन्हा सोडा, साधी बेकायदा गोष्टही नव्हती.

१९५८ साली पंजाबातून आलेला अवतारसिंग जौहल हा ओतशाळेतलाच कामगार. इंडियन वर्कर्स असोसिएशनचा पुढारी. त्यानं काय केलं? विद्यापीठातले गोरे विद्यार्थी बरोबर घेतले नि पबामागून पब पालथे घातले. गोरा पोरगा मागतो, मिळतं. त्याच मिनिटाला हिंदी माणूस मागतो, मिळत नाही. झाला पुरावा, साक्षीदारासकट. भाषण नाही, ठराव नाही, निवेदन नाही. आपल्यातल्या निवेदनबहाद्दरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

१९६४ च्या निवडणुकीत ह्याच स्मेथिकमधून एक गोरा उमेदवार काळ्यांविरुद्ध विष ओकून निवडून आला. मग १२ फेब्रुवारी १९६५ ला तिथं पाहुणा आला, मॅल्कम एक्स. जौहल त्याला 'ब्लू गेट्स' पबात घेऊन गेला. स्मोक रूममध्ये गेले, तिथं द्यायला नकार. मग पब्लिक बारमध्ये जाऊन बसले. पुढं नऊ दिवसांनी, २१ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये मॅल्कमला गोळ्या घातल्या.

आता विचार करा. मॅल्कम मुसलमान. दारूला न शिवणारा. तो पबात कशाला शिरला? तहान लागली होती?

२० मार्च १९२७ ला महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली ती कशाला? त्यांना काय तहान लागली होती? गेली नि ओंजळभर पाणी प्याली. मग सवर्णांनी लाठ्या घातल्या, शेणामुताच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. कोर्टकचेऱ्या होऊन हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी. मॅल्कमचा ब्लू गेट्स आणि आपलं चवदार तळं ह्यांची जात एकच. जो पीत नाही तोच तिथं जाऊन प्रश्न विचारू शकतो, कारण त्याला गिलासाची गरज नसते. प्रश्न दारूचा नाही, दाराचा आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट लागू झाला. पब, हॉटेल, थिएटरात रंग बघून नाही म्हणता येणार नाही, असं ठरलं. नोकरी आणि घर त्यातून वगळलं होतं, त्यासाठी १९६८ ची वाट बघावी लागली. म्हणजे पबचं दार आधी उघडलं, घराचं मागून.

सगळे गोरे हरामखोर असंही नाही. लँकेशायरमध्ये बॅम्बर ब्रिज नावाच्या गावी 'ये ओल्ड हॉब इन' म्हणून गवती छपराचा जुना पब आहे. १९४३ साली तिथं अमेरिकन फौजेतले काळे ट्रकवाले मुक्कामाला होते. अमेरिकन अधिकाऱ्यांनी हुकूम सोडला, पबांत गोरे-काळे वेगळे करा. तर गावच्या पबवाल्यांनी पाट्या लावल्या : फक्त काळ्या सैनिकांसाठी! वाचलं तेव्हा मी एकटाच खो खो हसलो. आपल्या एखाद्या गावच्या हॉटेलवाल्यानं तहसीलदाराचं ऐकून घेऊन अशी पाटी लावलेली डोळ्यापुढं आणून बघा. पण हसू टिकत नाही. २४ जूनच्या रात्री त्या पबात लष्करी पोलीस काळ्यांना पकडायला आले, गावकरी काळ्यांच्या बाजूनं बोलले, पुढं बाहेर गोळीबार झाला. विल्यम क्रॉसलंड हा काळा शिपाई मेला. बंडाचा गुन्हा काळ्यांवरच लागला.

तर अशा रीतीनं ते दार उघडलंय. रक्त सांडून, तुरुंगात बसून. कुणी खुशीनं कडी काढली नाही. आमच्या पोराला गोऱ्यानं जात विचारली नाही हे खरंच आहे. गोऱ्याला ती कळतच नाही तर विचारणार काय?

विचारणारे दुसरे असतात.

फोटोनंतर तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, रात्री दीडला. आवाज बसलेला. म्हणाला, दादा, दुसऱ्या एका पबात गेलो होतो, आपल्याकडच्याच पोरांबरोबर. मराठी, गुजराती, दोन-तीन वरचे. तिथं टेबलावर कुणी वाढायला येत नाही, आपणच बारवर जाऊन आणायचं. आणि रीत अशी की एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. ह्याला राउंड म्हणतात. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. गप्पांत कुणीतरी विचारलं, पूर्ण नाव काय रे तुझं? सांगितलं. गाव कुठलं? सांगितलं. म्हंजे स्कॉलरशिपवर का? हो. मग ह्याची पाळी आली. हा उठला, खिशातून पैसे काढले, काय आणू विचारलं. एक म्हणाला, बास मला. दुसऱ्याची गाडी चुकत होती. तिसऱ्याला पोटात कसंतरी व्हायला लागलं. हा हातात नोट धरून उभा.

"दादा, त्यांची मी प्यालो. माझी कुणी प्यालं नाही."

च्यायला, घेणं-देणं हेच तर जातीचं सगळं शास्त्र! वरच्यानं खाली टाकलेलं तुम्ही झेलायचं. खालच्यानं दिलेलं वर जाता कामा नये. इंग्रजी परंपरेत ह्या भडव्यांनी दोन हजार वर्षांचं कप-बशीचं शास्त्र बरोबर बसवलं. आपल्याकडं हॉटेलात फुटकी कपबशी बाहेर खुंटीला असायची, ती निदान दिसायची तरी.

त्यानं विचारलं, तक्रार कुठं करू? मी कायदा धुंडाळला. २०१३ साली तिथल्या संसदेनं म्हटलं, समता कायद्यात जात घाला. काही हिंदू संघटना लगेच आडव्या आल्या, आमच्यात असलं काही उरलेलं नाही म्हणून. जुलै २०१८ मध्ये सरकारनं माघार घेतली. कारण दिलं की कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. कुठले निकाल? एका आदिवासी मोलकरणीला भांडावं लागलं, तेव्हा २०१४ साली अपील न्यायाधिकरण म्हणालं की जात ही वांशिक मुळात बसू शकते. 'शकते!' रंगासाठी कायद्यात शब्द आहे, जातीसाठी प्रत्येकानं आपापली लढाई लढावी. आणि राउंड नाकारणाऱ्या दोस्ताला तर तसाही कुठला कायदा लागत नाही, हे मलाही कळतं.

मग त्याला ग्रेज इनची आठवण दिली. त्याच्या 'लॅम्ब'पासून पायी थोड्या मिनिटांवर आहे. तिथं नियमच असा होता, की ठरलेल्या संख्येनं हॉलमध्ये सगळ्यांबरोबर जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही, जेवावं लागतं. १९१६ मध्ये बाबासाहेबांनी तिथं नाव घातलं. खोलीवर रात्री पापड भाजून भूक मारणारा माणूस त्या लांब टेबलावर गोऱ्यांच्या पंगतीला बसला. परत आले, सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर तिथं प्रोफेसरांच्या खोलीतल्या पाण्याच्या मडक्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली. १९२० ला पुन्हा लंडनला गेले, पंगती पुऱ्या केल्या, १९२२ ला बॅरिस्टर झाले. ती पंगत त्यांनी फोटोला म्हणून ठेवली नाही. पाच वर्षांत महाड झालं.

पोरगा गप्प. मग म्हणाला, म्हंजे मी काय करू?

म्हटलं, शनिवारी परत जा. त्याच टेबलावर, त्याच पोरांत. एक-दोन परक्या मुलखातले दोस्त बरोबर घे, काळे असोत, गोरे असोत, जौहलनं घेतले तसे. तू सरबत माग. पूर्ण नाव तूच आधी सांग, गावासकट. आणि पहिली राउंड तू घे.

"आणि कुणी उठून गेलं तर?"

"कोण उठलं, काय सबब सांगितली, किती वाजता, सगळं लिही. इकडं धाड. आपण छापू."

"आईला काय सांगू?"

"तिला मी सांगितलंय सरबत होतं म्हणून. ह्या खेपेला खरं कर."