मारुतीचे ब्रेक : आधी निगा, मग बदल

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरी कितीतरी घरी ती अजून धावते आहे. गाडी हलकी, इंजिन ७९६ सीसीचे. ब्रेक कमी लागतो म्हणून मोठ्या डिस्क बसवण्याची घाई करू नका. गाडी थांबते ती शेवटी टायरच्या पकडीवर. टायर गुळगुळीत असतील, तर भारी ब्रेकने चाक नुसते जाम होऊन घसरेल.

आधी पुढचे पॅड, मागचे ब्रेक-शू आणि रबरी नळ्या तपासून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. घाटात ते तापले की त्या पाण्याची वाफ होते अन् पेडल खाली बसते. दर दोन वर्षांनी ते बदलाच. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. गाडीत मुलेबाळे असतात, हा खर्च टाळू नका.