कोबा वाळेपर्यंत

इंग्लंडमधील लेस्टर शहरात १९३०च्या दशकात बांधलेले, एका बाजूने शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेले जुने घर सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबातील मुलाने विकत घेतले. मागील बाजूचे स्वयंपाकघर व भोजनाची खोली थंडीत इतकी गारठत असे, की घरात अनवाणी वावरण्याची व जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या आईवडिलांना तेथे दोन जोड मोजे घालूनही स्वस्थता मिळेना. खोली तळातून उबदार करावयाची, म्हणजे फरशीखाली नळ्या घालून त्यांतून कोमट पाणी फिरवावयाचे, असे मुलाने ठरविले. वडिलांचा मुक्काम तेथे चार महिने होता. पेढीवरचा माणूस रिकामा बसत नाही. त्यांनी दरपत्रक मागून घेतले.

ही पद्धत समजण्यास कठीण नाही. भिंतीवरील रेडिएटर लहान असल्यामुळे त्यातील पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवावे लागते. येथे संपूर्ण जमीनच उष्णता देत असल्याने ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते. राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपलीकडे जाऊ नये, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे. वर लाकूड बसवावयाचे असेल तर सामान्यतः २७ अंशच. इंधनाची बचत आहे ती या कमी तापमानात.

दरपत्रक वाचताना वडिलांच्या लक्षात आले, की नळ्यांची रक्कम त्यात तुलनेने किरकोळ होती. मोठा खर्च होता तो जुनी जमीन फोडणे, खोदणे, नवे काँक्रीट, ओल अडविणारा प्लास्टिकचा पडदा, उष्णतारोधक फलक आणि वरचा कोबा यांचा. मुलाने येथेच कात्री लावली होती. शंभर मिलिमीटर जाडीच्या फलकांऐवजी पंचवीसचे घालावेत, खोदाई वाचेल आणि त्या पैशात ओकच्या चांगल्या फळ्या येतील, असा त्याचा हिशेब होता.

“उष्णतेला वर-खाली कळते का रे?” वडिलांनी विचारले.

“नाही अण्णा. जिकडे अडथळा कमी, तिकडे ती जाते.”

“मग पोत्याला खालून भोक ठेवून वरून भरण्यात काय मिळवलेस?”

प्रश्न हिशेबाचा होता आणि उत्तरही हिशेबातच होते. फेसाळ फलकाचा १०० मिलिमीटरचा थर उष्णतेला जेवढा विरोध करतो, तेवढा विरोध साध्या काँक्रीटकडून हवा असेल तर त्याची जाडी ५ मीटरहून अधिक लागेल. शिवाय फळ्या दहा वर्षांनी बदलता येतात, बॉयलर बदलता येतो. कोब्याखालच्या फलकाची जाडी मात्र घर पुन्हा फोडल्यावाचून वाढविता येत नाही. शंभरचे फलक कायम राहिले, ओकची प्रत एक पायरी उतरली.

जुनी जमीन फोडण्यापूर्वी आणखी एक थांबा आला. वरचे जुने प्लास्टिकचे चौकोन काढताच खाली काळा डांबरी लेप दिसला. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९मध्ये. त्यापूर्वीच्या अशा चौकोनांत व लेपांत ते असू शकते. गवंडी खरवडण्यास सिद्ध होता, परंतु नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत काम थांबविले गेले. अहवाल निर्दोष निघाला. चार दिवस फुकट गेले, अशी कुरकुर घरात झाली. वस्तुतः विम्याचा हप्ता भरून आग लागली नाही म्हणून कोणी हळहळत नाही.

मग खडीचा थर दाबून काँक्रीट झाले. या तळजमिनीचा सपाटपणा तेथे दोन मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवून पाहतात. उत्तम प्रतीच्या कामात पट्टीखालची फट ३ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. सामान्य कामात ५ चालते. पट्टीखाली एके ठिकाणी बोट शिरले. गवंड्याचे म्हणणे असे, की वर कोबा येणारच आहे, तो सर्व सारखे करील. दिसावयास ते खरेच ठरले असते. परंतु खळग्यावर टेकलेला फलक पायाखाली डुलतो, आणि डुलणाऱ्या फलकावरचा कोबा पुढे तडकतो. खळगा भरून घेण्यात आला. त्यावर प्लास्टिकचा पडदा, फलक, फलकांच्या सांध्यांना चिकटपट्टी, त्यावर पुन्हा पातळ प्लास्टिक. कारण फलकावरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ओल्या सिमेंटचा स्पर्श सोसत नाही. चारी भिंतींच्या कडेने मऊ फोमची पट्टी लावली. तापला की कोबा पसरतो, त्याला सरकावयास जागा हवी.

नळ्या १६ मिलिमीटर व्यासाच्या, एकमेकींपासून १५० मिलिमीटर अंतरावर. त्यांत पाणी भरून दाबाची परीक्षा झाली आणि कोबा पसरताना दाब तसाच ठेवला. मजुराच्या फावड्याने नळीस इजा झालीच तर काटा खाली येऊन तत्काळ कळते. ऑगस्टच्या अखेरीस ६५ मिलिमीटर जाडीचा रेती-सिमेंटचा कोबा झाला. तेथे त्यास ‘स्क्रीड’ म्हणतात.

येथवर सर्व सुरळीत होते. खरी कसोटी पुढे होती, कारण पुढे काही करावयाचेच नव्हते.

पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस आणि त्यापुढील जाडीला दुप्पट वेळ, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे. पन्नास आणि तीस, असे ८० दिवस; तेही हवा कोरडी असेल तर. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य उलटणार. गृहप्रवेश मात्र दिवाळीपूर्वी ठरलेला, लंडनहून व सांगलीहून माणसे निघालेली. एकवीस दिवस पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे तीन दिवस २५ अंशांचे पाणी फिरविले, नंतर हळूहळू वाढवीत नेऊन चार दिवस पूर्ण तापमान ठेवले. कोबा पांढुरका झाला, हाताला खडखडीत लागू लागला. ऑक्टोबरच्या मध्यास सुतार फळ्या घेऊन आला.

वडिलांनी मोजणी मागितली. उष्णता बंद ठेवून कोब्यावर आर्द्रतामापकाची पेटी हवाबंद चिकटविली आणि तीन दिवस तशीच ठेवली. काटा ८४ टक्क्यांवर थांबला. ब्रिटिश मानकानुसार तो ७५ किंवा त्याखाली हवा. सुतार म्हणाला, वर ओलरोधक लेप देऊन फळ्या बसवू, सगळेच तसे करतात. “लेपाची हमी लेखी द्याल का?” असे विचारताच तो कंपनीला फोन करून सांगतो म्हणाला, आणि त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही.

मुलगा मात्र अस्वस्थ झाला. “अण्णा, पाहुण्यांना सिमेंटवर बसवायचं का? हे तर वाळलेलंच दिसतंय.”

वडील स्वयंपाकघरातून हळकुंड घेऊन आले. त्यांनी ते मोडले. टणक, खणखणीत आवाज झाला. “असा आवाज येईपर्यंत आपण माल पोत्यात भरत नाही. वरून सोनेरी दिसतो, आत ओल असते, आणि महिन्याभरात बुरशी. तेव्हा गिऱ्हाईक परत येतं, पण माल घ्यायला नाही.” हरिपूरच्या पेवांत हळद साठविणाऱ्या पिढीचा हा माणूस, जमिनीतली ओल म्हणजे काय, हे त्यास इंग्रजी मानकाने शिकविण्याची आवश्यकता नव्हती. लाकूड ओल पिऊन फुगते, कडा उचलल्या जातात, डिंक सुटतो, आणि तोवर सुताराचे पैसे चुकते झालेले असतात.

गृहप्रवेश करड्या कोब्यावर झाला. एका दिवसापुरत्या सतरंज्या अंथरल्या आणि सायंकाळी लगेच उचलल्या, कारण झाकलेला कोबा वाळत नाही. पाहुण्यांपैकी एकाने काम अर्धवट राहिले काय, असे विचारले. सूनबाईंना ते लागले, आणि ते स्वाभाविकही होते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काटा ७३वर आला. फळ्या बसल्या. आईने सांगलीहून मागविलेला जाड गालिचा मात्र बैठकीच्या खोलीत गेला, कारण तोही उष्णतेस अडवितो. वडिलांनी नळ्या उघड्या असताना मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे छापून घेतली, प्रत्येकावर भिंतीपासूनचे अंतर लिहिले, आणि दाबाच्या परीक्षेचा कागद व आर्द्रतेच्या दोन्ही नोंदींसह ती घराच्या खरेदीखताच्या फायलीत लावली. पुढे कोणी जमिनीत खिळा ठोकावयास निघाला, तर आधी ती फाईल उघडावी, असे वर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले आणि खाली नातवाकडून इंग्रजीत लिहवून घेतले.