रात्री दोन ते सकाळी सहा

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. वडिलांचे आतड्याचे ऑपरेशन ठरले होते. "डॉक्टरसाहेब, तिथे कॉटला मॉनिटर लावून देतात, पण त्याचे रोजचे पैसे वेगळे. घ्यावा का?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

कारण मला उमेदवारीच्या काळातले एक आबा आठवले. अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला, ऑपरेशन मात्र व्यवस्थित पार पडले होते. तिसऱ्या रात्री दोन वाजता तक्त्यावर नोंद : नाडी 92, श्वास 18. सकाळी सहाला सिस्टर गेल्या तेव्हा आबा बेशुद्ध, ओठ निळसर. कॉटखाली चटईवर झोपलेला मुलगा म्हणाला, "मध्यरात्रीपासूनच धापा टाकत होते. पण तक्ता लिहून गेले ना, म्हणून मी उठवलं नाही कुणाला." आबा त्याच दिवशी गेले. नंतर मी तक्ता मागे चाळला. तीन दिवस, प्रत्येक वेळी श्वास 18! कुणाचाही श्वास असा एका आकड्यावर चालत नाही. तो मोजलेला नव्हता, नुसता लिहिलेला होता. आणि त्या तक्त्यावर रोज सही माझी होती.

वाचकहो, रुग्ण 'अचानक' गेला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा शरीर काही तास आधीपासून सांगत असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, न्यूमोनिया झाला, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, तर श्वासाचा वेग पुष्कळदा रक्तदाब घसरण्याच्या आधीच वाढतो. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला 12 ते 20 असतो. 25 च्या वर गेला की डॉक्टरांना बोलवावे. उलट, मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वास मंदावतो, आणि नळीने ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो.

दर चार तासांच्या फेरीत हे निसटते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ऑपरेशन झालेल्या 833 रुग्णांच्या ऑक्सिजनची सतत नोंद ठेवली गेली. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन तासभर किंवा अधिक वेळ 90 च्या खाली राहिल्याच्या घटनांपैकी 90 टक्के नेहमीच्या नोंदीत सापडल्याच नव्हत्या. तेही अमेरिकेत!

म्हणजे मॉनिटर लावला की झाले? तसे नाही. ऑपरेशनच्या वेळी व नंतर ऑक्सिमीटर लावल्याने मृत्यू कमी होतात, असे 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात सिद्ध होऊ शकले नाही. यंत्र बेल वाजवते, धावायचे माणसालाच असते. रुग्ण कुशीवर वळला तरी बेल, बोटावरचा चिमटा सरकला तरी बेल. मग कुणीतरी ती बंदच करून ठेवते. सिस्टरना दोष देण्यात अर्थ नाही, रात्री एकटीने किती कॉटकडे पाहायचे? ब्रिटनमध्ये 2012 पासून श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप व शुद्ध यांना गुण देण्याची पद्धत आहे. बेरीज 7 झाली की वरिष्ठांना बोलवायचेच. त्याला कागद आणि पेन पुरते.

2020-21 च्या कोरोनात आपण घरोघरी ऑक्सिमीटर वापरायला शिकलो. श्वास मोजायला मात्र शिकलो नाही. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट छाती-पोट किती वेळा वर येते ते पाहावे. रुग्णाला सांगू नये, सांगितले की तो वेगळाच श्वास घेतो.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की वय झालेले आहे, मोठे ऑपरेशन आहे, पहिल्या दोन-तीन रात्री मॉनिटर जरूर घ्या, पण आधी विचारा, रात्री बेल वाजली तर येणार कोण? त्यांनी विचारले. तीस कॉटला एक सिस्टर, आणि बेल "बाकी पेशंटची झोपमोड होते म्हणून" बंद ठेवतात, असे उत्तर मिळाले. ऑपरेशन आता दुसरीकडे, पुढच्या मंगळवारी आहे.